ट्रंक बोर्डावरच्या बाई

बाई माणसांना चेहऱ्यावरून ओळखत नसत. सिल्वासाच्या बाजारात त्या समोरून आल्या आणि मी हसले, तर रस्त्यातल्या खांबाकडे बघावं तसं माझ्याकडे बघून पुढे निघून जायच्या. मग मी मागून "बाई!" अशी हाक मारली की जागच्या जागी थांबायच्या.

"तू होय! मग आधी बोलायचं नाही का?"

सगळं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेलं, त्यामुळे डोळ्यांपेक्षा कानांवर त्यांचा भरवसा जास्त. "चेहरा काय, आरशासमोर बसून कोणीही हवा तसा करून घेतं," त्या म्हणायच्या, "आवाजाला पावडर लावता येत नाही." कोणी महत्त्वाचं बोलायला लागलं की त्या चक्क डोळे मिटून घ्यायच्या. नव्या माणसाला वाटायचं, बाईंना झोप लागली. एकदा वरचे साहेब तपासणीला आले आणि कशावरून तरी खूप चिडले. बाई डोळे मिटून शांतपणे सगळं ऐकत राहिल्या, आणि ते दमल्यावर म्हणाल्या, "साहेब, तुमचा घसा आतून सुजलाय. आधी डॉक्टरला दाखवा, मग आम्हाला ओरडा." साहेबांनी खरंच दाखवलं असावं. पुढच्या खेपेला ते बाईंना बेन सोडून दीदी म्हणू लागले.

मी डहाणूकडची. सिल्वासात ट्रंक बोर्डावर हाताने कॉर्ड खुपसून बाहेरगावचे फोन जोडायचे दिवस होते, तेव्हा मी तिथे ऑपरेटर म्हणून लागले. एक्स्चेंज एका भाड्याच्या बंगल्यात होतं. गावात एकामागून एक कारखाने येत होते, शेठ लोकांना मुंबई आणि सुरत सारखी हवी असायची, आणि लाइनी मोजक्या. बाई आमच्या सुपरवायझर. उंच, रुंद खांद्याच्या. कडक खळ घातलेली सुती साडी, मनगटावर चामड्याच्या पट्ट्याचं पुरुषी घड्याळ, आणि केस मानेवर कापलेले. त्या दिवसांत त्या गावात इतके आखूड केस फक्त तापातून उठलेल्या बायकांचे दिसायचे. बाई लुना चालवायच्या आणि मागे सिस्टर बसायच्या.

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या नर्स. मालवणकडच्या, ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या, पण बोलल्या तर समोरच्याला उत्तर सुचायचं नाही. दोघींनी मुंबईहून इथे बदली मागून घेतली होती. मुंबईची नोकरी सोडून सिल्वासाला कोणी आपणहून येतं, ही गोष्ट आमच्या एक्स्चेंजमध्ये कोणाला खरीच वाटायची नाही. आम्हाला एकेक वर्षाने सुटका हवी असायची, आणि या दोघींनी गावातच टोकरखाड्याला घर घेऊन दारात शेवगा लावला होता.

कोणी विचारलं, "सिस्टर तुमच्या कोण?" तर बाई सरळ सांगायच्या, "बायको."

ऐकणारा खो खो हसायचा. लाइनमन हसायचे, दूधवाला हसायचा, कलेक्टर ऑफिसातले मुंबईचे क्लार्क तर एकमेकांच्या हातावर टाळ्या द्यायचे. बाई हसायच्या नाहीत. त्यांनी प्रश्नाचं उत्तर दिलेलं असायचं. इतकी वर्षं त्या खरं तेच सांगत आल्या आणि सगळं गाव त्याला विनोद समजत राहिलं. मीही हसले होते. मग एका रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. घरात एकच पलंग होता, त्यावर मच्छरदाणी, आत दोन उशा. जेवताना सिस्टरनी बाईंच्या ताटातल्या माशाचे काटे न सांगता काढून दिले, आणि बाईंनी आपल्या वाटीतली कोकमाची कढी त्यांच्याकडे सरकवली. मला काय ते कळलं. भीती वाटली म्हणू की काय, पण घास तोंडात फिरायला लागला.

बाईंनी ते बघितलं असणार. म्हणाल्या, "जेव नीट. जेवण झालं की इतिहास."

इतिहास म्हणजे त्यांच्या मुंबईचा. जेवण झालं की त्या ओट्यावर पाय पसरून बसायच्या, पानाला चुना लावायच्या आणि डोळे मिटून सुरू व्हायच्या. मी शाळेत जो शिकले त्यात तलवारी होत्या, तह होते. बाईंच्या इतिहासात परळच्या दवाखान्यातल्या नर्सा होत्या, टेलिफोनच्या मुली होत्या, गिरणीत सूत कातणाऱ्या बायका होत्या. "शहरात आपल्यासारख्या बायका नव्हत्या असं कोणी म्हणालं ना," त्या सांगायच्या, "तर समजायचं, या माणसाने कधी नाइट ड्यूटी केलेली नाही."

नोकरी करणाऱ्या बायकांचं एक वसतिगृह होतं. तिथल्या मेट्रनकडे दोन मुली 'आम्हाला एकच खोली द्या' म्हणून गेल्या, की ती चष्म्यावरून बघायची आणि एवढंच विचारायची, "कोणी घोरत नाही ना?" नाही म्हटलं की खोली मिळाली. लालबागला दोन म्हाताऱ्या राहायच्या. त्यातली एक ऐन उमेदीत बायकांच्या नाटक मंडळीत राजाची कामं करायची. अंक संपला की मिशा तशाच ठेवून ती विंगेत यायची, आणि तिथे कपडेपट सांभाळणारी दुसरी लिंबाचं सरबत घेऊन उभी असायची. म्हातारपणीही चाळीतली पोरं त्यांना राजा-राणीच म्हणायची.

मला सगळ्यात आवडायची गिरगावच्या दोन खोल्यांची गोष्ट. बाईंच्या एका मैत्रिणीच्या मागे घरच्यांनी लग्नाचा तगादा लावला होता. ठाकुरद्वारच्या एका शिंप्याच्या मागेही तोच तगादा होता, आणि त्याचं मन एका पोस्टमनवर बसलेलं. त्या दोघांनी एकमेकांशी लग्न केलं, अगदी अक्षता टाकून. मग मैत्रिणीच्या मैत्रिणीने पोस्टमनशी केलं. दोन जोडपी शेजारशेजारच्या खोल्यांत राहायला आली. दिवसा दोन नवरे, दोन बायका. दार लागलं की एका खोलीत पुरुष, दुसरीत बायका. "आणि पाव्हणे आले की?" मी विचारलं. बाईंनी डोळे उघडले. "मग काय, पळापळ! एकदा शिंप्याची सासू सांगितल्या दिवसाच्या आधी आली, तर पोस्टमनच्या पायजम्यात शिंपी सापडला. म्हातारी काय म्हणाली ठाऊक आहे? 'जावईबापू, तुमचं माप चुकलंय.'"

सिस्टर आतून म्हणायच्या, "दर वेळी वेगळा पायजमा सांगतेस."

त्या शिंप्याचं दुकान म्हणजे पुरुषांचं एक्स्चेंज होतं. कोणाचं लग्न घरच्यांनी ठरवलं, कोणाला चौपाटीवर पोलिसांनी धरलं, कोणाला झोपायला जागा हवी, सगळी खबर तिथल्या बाकावर यायची. बायकांचं एक्स्चेंज म्हणजे बाई आणि त्यांच्या बोर्डावरच्या मुली. लग्न होऊन पुण्याला गेलेल्या एकीचा माटुंग्याच्या एकीला दर बुधवारी फोन असायचा. "आम्ही कान काढून ठेवायचो," बाई सांगायच्या. "काय बोलतात ते कधी ऐकलं नाही. लाइन मात्र तुटू दिली नाही."

सगळंच गमतीचं नव्हतं. त्यांच्याच बोर्डावरची एक मुलगी होती. भावांनी तिला कुठल्याशा डॉक्टरकडे नेऊन विजेचे झटके दिले. ती परत आली तेव्हा बाईंनी तिच्या घरी फोन लावला. "तिने मला ओळखलं नाही गं," बाई म्हणाल्या. "मी बोलत होते आणि तिला आवाज ओळखू येत नव्हता." त्यापुढे त्या ती गोष्ट कधीच नेत नसत. पान थुंकून यायच्या आणि दुसरी सुरू करायच्या.

मी त्या रविवारांची वाट बघायला लागले. आपल्याला न सांगितलेल्या घराण्याची माहिती कोणीतरी एकेक करून द्यावी, तसं मला व्हायचं. मीही त्यातलीच, हे मला तेव्हा धड कळलेलं नव्हतं. एकदा मी त्यांना विचारलं, "हे सगळं मला का सांगता?" त्या म्हणाल्या, "तुझ्या कानावर असू दे. कळायचं ते तुझं तुला कळेल. घाई नाही."

आमच्याकडे पब्लिकसाठी फोनची एक केबिन होती. नरोलीच्या सूत कारखान्यात काम करणाऱ्या दोन मुली तिथे यायच्या, नंदुरबारकडच्या. त्यांना आम्ही थोरली आणि धाकटी म्हणायचो, कारण एक हाडापेराने मोठी होती. धाकटी आत जाऊन गावाकडे फोन करायची, आणि थोरली बाहेरून केबिनच्या काचेवर हात ठेवून उभी राहायची. आत धाकटी रडायला लागली की तीही आतून त्याच जागी काचेला हात लावायची. बाईंनी ते बघितलं. माणसांकडे कधी न बघणाऱ्या बाई बघतच राहिल्या. पुढच्या रविवारी ओट्यावर आम्ही पाचजणी होतो.

आणि एक दिवस भर दुपारी थोरली धावत एक्स्चेंजमध्ये आली. अनवाणी. धाकटीचे वडील आणि काका जीप घेऊन आले होते. तिचं लग्न ठरवलं होतं. सिल्वासातल्या खोलीतून तिला उचलून जीपमध्ये घातलं होतं.

"कुठल्या रस्त्याने गेले?" बाईंनी विचारलं.

"भिलाडकडे."

बाईंनी स्वतः कॉर्ड उचलली आणि नरोलीच्या चेकपोस्टला लावली. आमच्याकडे दारू खुली आणि हद्दीपलीकडे गुजरातेत बंदी, म्हणून बाहेर जाणारी प्रत्येक गाडी तिथे तपासायचे. बाईंनी जीपचं वर्णन दिलं, आत एका मुलीला जबरदस्तीने नेत आहेत म्हणून सांगितलं, आणि हेडसेट काढून ठेवला. मग दवाखान्याला फोन लावला. आम्ही दाराबाहेर येतो तर गणवेशातल्या सिस्टर समोर उभ्या. बाई आणि सिस्टर लुनावर पुढे, थोरली आणि मी रिक्षाने मागे, असे आम्ही दमणगंगेचा पूल ओलांडून नरोलीला पोचलो.

जीप उभी होती. खरं सांगायचं तर मुलीसाठी ती कोणी अडवलेली नव्हती. काकांनी सीटखाली बाटल्या लपवल्या होत्या आणि त्या सापडल्या होत्या. काका आत टेबलापाशी हातवारे करून भांडत होते. धाकटी जीपच्या मागच्या बाकावर बसलेली, आणि वडील, एक वाळलेला, टोपी घातलेला शेतकरी, बाहेर चाकाला टेकून उभे.

चेकपोस्टवरचा अंमलदार बाहेर आला. "बेन, फोन तमे करेलो? तुम्ही मुलीच्या कोण?"

"मी तिची कोणी नाही," बाई म्हणाल्या. "ही सिस्टर माझी बायको. आम्ही या दोन मुलींना ओळखतो. मुलगी सज्ञान आहे, तिला जायचं नाही. तिलाच विचारा."

त्या दिवशी कोणी हसलं नाही. अंमलदाराने बाईंकडे बघितलं, सिस्टरांच्या पांढऱ्या गणवेशाकडे बघितलं, आणि धाकटीला विचारलं, "जाना है?"

धाकटीने मान हलवली. नाही.

"मनी पोर शे ती," वडील म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मी तिले लई जासू. दोन बायास्नं काय घर ऱ्हास?"

बाईंनी डोळे मिटले. तो आवाज पुरता ऐकून घेतल्यासारख्या त्या थोडा वेळ तशाच उभ्या होत्या. मी मनात म्हटलं, आता या बोलतील, असं काही सुनावतील की हा माणूस आयुष्यात विसरणार नाही.

"असतं," त्या म्हणाल्या. "चला, दाखवते."

आणि खरंच त्यांनी त्या माणसाला घरी आणलं. काका बाटल्यांत अडकलेले होते, तोवर मोकळा वेळ होता. वडील आमच्या रिक्षात पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. मागे आम्ही दोघी आणि मध्ये धाकटी. 

घरात आल्यावर ते दारातच उभे राहिले. सिस्टरनी पाणी दिलं. "मी जेवाले नही उनू," ते म्हणाले.

"माहीत आहे. पण वेळ जेवणाची झालीय," सिस्टर म्हणाल्या आणि पान वाढलं. भात, डाळ, दारातल्या शेवग्याच्या शेंगा. बाई त्यांना घर दाखवत फिरल्या. हे स्वयंपाकघर, इथे गळतं, ते मी दुरुस्त करते. ही सिस्टरची शिवणयंत्र ठेवायची जागा. ही झोपायची खोली. त्या खोलीच्या दारात वडील थांबले. तो एक पलंग आणि दोन उशा त्यांनी बघितल्या.  ते वळले आणि पानावर येऊन बसले.

अर्धं जेवण झाल्यावर त्यांनी सिस्टरना विचारलं, "म्हातारपनमा तुमले कोन पाही?"

"हिला मी बघेन, मला ही बघेल," सिस्टर म्हणाल्या. "तुमच्याकडे याहून वेगळं काय असतं?"

त्यांनी उरलेला भात कालवला. सगळं पान स्वच्छ केलं. उठले, मागच्या दारी गेले. धाकटी तांब्या घेऊन त्यांच्या हातावर पाणी घालायला लागली. हात धुऊन झाले तरी ते ओंजळ तशीच धरून राहिले आणि ती पाणी घालत राहिली.

"मी गावमा सांगसू," ते म्हणाले, "पोर भेटनी नही."

टोपी नीट केली आणि पुढच्या दाराने निघून गेले. त्यांनी काय दिलं आणि काय काढून घेतलं ते आम्हाला उमगायला थोडा वेळ लागला. मुलगी सुटली होती, आणि आता तिला गाव उरलं नव्हतं. धाकटी तांब्या हातात धरून तिथेच खाली बसली. थोरलीने तिला मिठीत घेतलं. बाई ओट्यावर जाऊन आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

पण काका सुटून परत येणार हे उघड होतं. मुलींना त्याच दिवशी इथून हलवायला हवं होतं. बाई आम्हाला घेऊन एक्स्चेंजमध्ये परतल्या, स्वतःच्या नावावर मुंबईचे कॉल लिहायला लावले आणि स्वतः बोर्डावर बसल्या.

त्या दुपारी मी जे ऐकलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पहिला कॉल लागला परळला. "मी बोलतेय," एवढंच बाई म्हणाल्या. नाव नाही, गाव नाही. तिकडून एक थरथरता, म्हातारा आवाज आला, "बोल गं. किती जणी आहेत?" ती वसतिगृहाची मेट्रन होती. मग ठाकुरद्वारला. शिंपी स्वतः आला फोनवर. त्याच्या दुकानावरच्या माळ्यात जागा होती, पण पाणी वर चढत नव्हतं. "पाणी पोस्टमन भरेल," तो म्हणाला. मग माटुंगा. बुधवारी जिला पुण्याहून फोन असायचा तिच्याकडे मुलींसाठी नोकरी होती, पापडाच्या कारखान्यात. मी बाईंच्या शेजारी उभी होते, त्यांनी हेडसेटची एक बाजू माझ्या कानाला लावून दिली होती. इतके रविवार ज्यांना मी गोष्टीतली माणसं समजत होते, ती एकामागून एक फोनवर येत होती. खोकत होती, एकमेकांच्या तब्येती विचारत होती. सगळी तिथेच होती. इतकी वर्षं, आपापल्या जागी, फोन उचलायला तयार.  संध्याकाळच्या आत मुलींची सोय झाली. सिस्टर त्यांना वापीच्या स्टेशनवर नेऊन गाडीत बसवून आल्या.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. आपोआप लागणारे फोन आले, बोर्ड काढून नेले, आमची कामं बदलली. गावभर एसटीडीचे बूथ झाले. बाई रिटायर झाल्या आणि लगेच सिस्टरही झाल्या. त्या मुंबईला परत जातील असं सगळ्यांना वाटत होतं. त्या गेल्या नाहीत. मी तोवर खानवेलच्या शाळेतल्या एका शिक्षिकेबरोबर राहायला लागले होते, आणि ती माझी कोण असं कोणी विचारलं तर मैत्रीण म्हणून सांगत होते. बाईंसारखं उत्तर द्यायची छाती मला आजही झालेली नाही.

नव्वदच्या दशकात एक दिवस बाईंकडे थोरलीचा फोन आला. दोघी अजून मुंबईतच होत्या, आणि एकत्र होत्या. "बाई, इथे आम्ही काही बायका महिन्यातून एकदा एकीच्या घरी जमतो," ती म्हणाली. "नव्या मुली येतात, शिकलेल्या. तुम्ही दोघी या ना एकदा. त्यांना तुम्हाला बघायचंय."

आम्ही गेलो. बाई, सिस्टर आणि मी. उपनगरातला लहानसा फ्लॅट. खिडक्या उघड्या होत्या, दारही नुसतं लोटलेलं. हे बाईंनी आल्या आल्या टिपलं आणि सिस्टरांना कोपराने खुणावलं. खाली सतरंजीवर जीन्स घातलेल्या, ओढण्या घेतलेल्या, कुंकू लावलेल्या, सगळ्या तऱ्हेच्या बायका बसल्या होत्या. आम्ही आत गेल्यावर त्या उठून उभ्या राहिल्या. धाकटीने वाकून बाईंच्या पायांना हात लावला. बाई तिच्याकडे खांबाकडे बघावं तशा बघत राहिल्या, आणि ती "बाई, मी" म्हणाल्यावर त्यांनी तिला छातीशी धरलं.

चहा झाला. एक कॉलेजातली मुलगी बाईंच्या अगदी समोर येऊन बसली. बावीस-तेवीसची असेल. बराच वेळ ती नुसतीच त्या दोन म्हाताऱ्यांकडे बघत होती. शेवटी हळूच म्हणाली, "आम्हाला निदान एकमेकी तरी आहेत. तुम्ही त्या काळात किती एकट्या पडल्या असाल ना?"

तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. बाईंनी सिस्टरांकडे बघितलं. सिस्टरना आधी हसू फुटलं, मग बाईंना.

"एकट्या?" बाई म्हणाल्या. "अगं, रविवारी आमच्याकडे बसायला जागा नसायची!"

आणि मांडी घालून त्या जरा पुढे सरकल्या आणि त्यांनी डोळे मिटले. त्या दिवशी आमच्या वापीला जाणाऱ्या दोन गाड्या चुकल्या.